बंबखान्यात आजोबांची मिशी

आजोबांना स्वतःचा एकही फोटो पसंत नव्हता. एकही म्हणजे अगदी एकही नाही. लग्नातला नाही, निवृत्तीच्या समारंभातला नाही, आणि ओळखपत्रावरचा तर नाहीच नाही. कुणी फोटो समोर धरला की ते चष्मा वर करायचे, खाली करायचे, मान तिरकी करायचे आणि दर वेळी तोच निकाल द्यायचे, "हा कुणीतरी दुसरा आहे. माझ्यासारखा दिसतो, पण लबाड वाटतो."

त्यामुळे छापाबाई घरी येऊन "तुमचा एक फोटो हवा होता" असं म्हणाल्या, तेव्हा बाबा धास्तावले. भिंगरी नाही. भिंगरी म्हणजे बाबांची मुलगी. तिने न उघडलेलं गणिताचं पुस्तक पटकन बाजूला सारलं आणि तमाशा नीट दिसेल अशी खुर्ची पकडली.

छापाबाई जुन्या बंबखान्यातून आल्या होत्या. त्या बंबखान्यात आजोबांनी सगळी नोकरी काढली. आग लागली की मनोऱ्यातली घंटा वाजायची, आजोबा वरच्या मजल्यावरून पितळी खांबाला मिठी मारून सुर्रकन खाली यायचे आणि लाल बंबावर चढायचे. पुढे शहर वाढलं, बंब मोठे झाले, त्या दारातून मावेनात, म्हणून नवं केंद्र दुसरीकडे बांधलं. जुन्या इमारतीला वारसा ठरवून तिथे लोकांसाठी छापचित्रांची कार्यशाळा काढली. कुणीही यावं, लिनोचा, म्हणजे रबरासारख्या जाड चादरीचा तुकडा कोरून ठसा करावा, त्याला शाई लावावी, प्रेसमध्ये घालून कागदावर छापावा आणि घरी नेऊन सगळ्यांना दाखवत सुटावं. हे कळलं त्या दिवशी आजोबांनी जाहीर केलं, "माझ्या बंबखान्यात रंगकाम? मी तिथे पाऊल ठेवणार नाही." आणि खरंच ठेवलं नाही. बाजारात जातानासुद्धा तो रस्ता टाळून हा भलामोठा वळसा घालायचे, आणि घरी आल्यावर गुडघे दुखतात म्हणून आईला ऐकवायचे. आई म्हणजे भिंगरीची आई. या घरात सगळ्यांचं सगळं तिलाच ऐकावं लागतं.

"इमारतीला शंभर वर्षं होतायत," छापाबाई म्हणाल्या. "तिथे काम केलेल्या माणसांचे चेहरे छापून भिंतीवर लावणार आहोत. तुम्ही तर हवेतच. आमचे एक कलावंत फोटोवरून ठसा कोरतील."

आईने फोटोंची पेटी आणली. आजोबा पत्ते टाकावेत तसे फोटो टाकत गेले. "हा नाही. हा मुळीच नाही. आणि हा कोण?"

"नाना, तुम्हीच आहात की. मांडीवर मी आहे," बाबा म्हणाले.

"तू आहेस ते दिसतंय. तुला धरलंय कुणी?"

शेवटी आजोबांनी पेटी मिटली. "ऐका बाई. माझा चेहरा माझ्यासारखा निघाला, तरच तो त्या भिंतीवर लागेल, आणि तरच मी आत येईन. नाहीतर भिंत मोकळी ठेवा. पण हे फोटो बघून कुणाला जमणार नाही. तुमच्या कलावंतांनी मला कधी पाहिलंय?"

आता बाबांनी गप्प बसायला हवं होतं. सगळ्यांना तसंच वाटत होतं, बाबांनाही. पण तोंड कधीकधी माणसाला न विचारता उघडतं.

"मी करतो," बाबा म्हणाले.

आजोबांनी चष्मा खाली केला. "तू?"

एवढंच. पण हा "तू?" बाबांच्या ओळखीचा होता. सायकल शिकताना तो आला होता. भिंतीवर खिळा ठोकताना आला होता, आणि खिळा वाकल्यावर पुन्हा आला होता. "मला ही मुलगी पसंत आहे" असं सांगितलं तेव्हा तर आईच्या देखत आला होता. बाबांना आता टक्कल पडलंय, विमा कचेरीत त्यांच्या हाताखाली माणसं आहेत, पण आजोबा त्यांना अजून 'छोट्या'च म्हणतात, आणि तो "तू?" ऐकला की बाबा खरोखरच छोटे होतात. खुर्चीत बसल्या बसल्या दिसतं ते.

"हो, मी," बाबा म्हणाले. "आयुष्यभर कचेरीत शिक्केच तर मारतोय. हाही एक शिक्काच."

हे वाक्य लक्षात ठेवा. बाबांना ते पुढे फार महागात पडणार होतं.

*

एखादा माणूस काहीतरी करणार आहे ही बातमी जिन्यातून कशी पसरते याचा कुणीतरी शोध लावायला हवा. बाबांनी लिनोचा तुकडा घरी आणला नाही तोच खालच्या मजल्यावरचे मोजणीकाका दारात. काकांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आता जमिनी राहिल्या नाहीत, म्हणून दिसेल ते मोजतात.

"चेहरा म्हणजे काय? भूखंड," ते म्हणाले आणि पट्टी काढून आजोबांच्या फोटोवर बारीक चौकटी आखायला बसले. "नाक या चौकटीत, डोळा त्या चौकटीत. हद्द सांभाळली की झालं. बाकी सगळं आपोआप."

मग समोरच्या दंतवैद्यबाई आल्या. त्यांनी बाबांच्या हातातली कोरणी बघितली, "छे, हे काय हत्यार आहे?" म्हणाल्या आणि आपल्या जुन्या हत्यारांचा डबा घेऊन आल्या. "यातलं आकड्याचं घ्या. दाढेला जे चालतं ते लिनोला चालायलाच पाहिजे. आणि हात असा धरायचा. असा. अहो, तोंड कशाला उघडताय?"

बाबांनी ते सवयीने उघडलं होतं.

काका आणि बाई दोघंही एका गोष्टीवर मात्र ठाम होते, की आजोबांच्या चेहऱ्यात दोनच खुणा महत्त्वाच्या. एक म्हणजे मिशी. आजोबांचा डावा खांदा एका आगीत दुखावला होता, त्यामुळे ते मिशीला पीळ देतात तो फक्त उजव्या हाताने, आणि उजव्याच बाजूला. म्हणून उजवं टोक आकाशाकडे आणि डावं टोक जमिनीकडे. दुसरी खूण म्हणजे डाव्या भुवईतली फट. ती कशी पडली याच्या गोष्टी आजोबा माणूस बघून सांगतात. पाहुण्यांना सांगतात, जळता वासा पडला. घरच्यांना माहीत आहे की ते पितळी खांबावरून उतरताना खाली झाडूवाल्याची बादली होती.

"एवढी मिशी आणि एवढी भुवई जमली," आई म्हणाली, "की मधे काहीही काढा, ते सासरेच."

*

बाबा कार्यशाळेत नाव नोंदवायला गेले तेव्हा भिंगरी सोबत होती. लाल दरवाजे बंब जाईल एवढे उंच होते. आत टोप्या टांगायच्या खुंट्यांवर आता एप्रन टांगले होते. फरशीवर तेलाचे जुने काळे डाग होते आणि त्यांच्या शेजारी शाईचे नवे काळे डाग. कोपऱ्यातला मनोरा पूर्वी ओले पाइप वाळवायला होता. तिथे आता वरपासून खालपर्यंत दोर सोडून त्यांना चिमट्यांनी कागद लटकावले होते. दोर ओढला की कागद वर जायचे. मधोमध प्रेस. जाड लोखंडी अंग आणि जहाजाला असावं तसं चाक. बाबांना ती पाहूनच घाम फुटला.

दाराशी मेजामागे एक गृहस्थ बसले होते. त्यांना सगळे नियमावली म्हणत. तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडायचं.

"भिंतीला टेकायचं नाही. खांबाला हात लावायचा नाही. मनोऱ्यातली घंटा वाजवायची नाही. वारसा इमारत आहे," नियमावली म्हणाले. "आता बोला. कुठल्या गटात? कलावंत, छंदी की होतकरू?"

"यातलं सगळ्यात खालचं कुठलं?"

"होतकरू."

"तेच लिहा."

"प्रेस वापरायला सरावाचा दाखला लागेल."

"तो कुठे मिळतो?"

"प्रेसवर सराव केला की."

"मग सराव करतो."

"दाखला दाखवा."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. बाबांना मात्र क्षणभर अगदी घरी आल्यासारखं वाटलं. कचेरीत ते स्वतः लोकांशी असंच बोलतात. समोरच्याचं कसब ओळखून त्यांनी मानसुद्धा डोलावली.

"एक वाट आहे," नियमावली आवाज खाली आणून म्हणाले. "होतकरूंचा शनिवारचा वर्ग. तो पूर्ण केला की दाखला मिळतो. फक्त... तिथे सगळे जरा तुमच्यापेक्षा लहान आहेत."

"किती लहान?"

नियमावलींनी हाताने मेजाच्या कडेएवढी उंची दाखवली.

*

तर अशा रीतीने विमा कचेरीतला एक जबाबदार अधिकारी शनिवारी सकाळी गुडघे कानाशी घेऊन एका चिमुकल्या स्टुलावर बसला. मोठे एप्रन संपले होते, म्हणून त्याच्या छातीवर बदकांचं एप्रन होतं. नाड्या मागे पोचत नव्हत्या, त्या भिंगरीने दोरी जोडून बांधल्या. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिचे दोन दात पडलेले होते, पण अधिकार एकही पडलेला नव्हता.

"काका, तुम्ही नापास झालात का?" तिने विचारलं.

"नाही बाळ, मी मुद्दाम आलोय."

"मग दुसरा हात मागे घ्या. कोरणी पुढे जाते ना, तिथे बोट नाही ठेवायचं. आमच्यात सगळ्यांना येतं."

बाबांनी अपमान गिळला, हात तसाच ठेवला आणि कोरणी घसरली. अंगठ्यातून रक्त आलं. ते फार नव्हतं, पण बाबांचं होतं. बाबांनी "अगं आई गं!" असा आवाज काढला की प्रेसजवळच्या कलावंत मंडळींनी माना वळवल्या. भिंगरी त्यांना नळाकडे घेऊन गेली.

आणि नेमकी त्याच वेळी छापाबाईंनी वर्गाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. सगळ्या पोरांनी ती ऐकली, सगळ्यांनी मिळून ती मोठ्याने म्हणूनही दाखवली. बाबा नळाखाली अंगठा धरून "खोल गेलंय का गं? बघ बरं, हाड दिसतंय का?" असं विचारत होते, आणि भिंगरी हाड शोधत होती. दोघं परत आले तेव्हा पुढचं चालू झालं होतं. विचारावं, तर दोन वेण्या शेजारी बसलेल्या. बाबांनी विचारलं नाही.

काही शनिवारांनी बाबांनी एक मासा छापला. मासा तसा कुठूनही बघितला तरी मासाच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. त्यांना दाखला मिळाला. इतर मुलांसारखी त्यावरही चांदणी होती. बाबा "कसली पोरकट पद्धत" म्हणाले, आणि घरी येऊन दाखला फ्रिजच्या दारावर अशा ठिकाणी लावला की पाणी घ्यायला येणाऱ्या आजोबांच्या बरोबर नाकासमोर यावा.

*

खरं कोरकाम झालं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लिनो कडक झाला की तो जरा गरम करायचा, असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी आईची इस्त्री घेतली. लिनो छान मऊ झाला. इस्त्रीही छान मऊ झाली, म्हणजे तिच्या तळाला लिनोचा थर बसला, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पांढऱ्या ब्लाउजच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला.

"हा तुमचा पहिला छापा ना?" आई म्हणाली. "सुंदर. यालाही चांदणी लावून घ्या."

आजोबांना टेबलाकडे बघायची बंदी होती. म्हणून त्यांना एकाएकी फार तहान लागायला लागली. ते यायचे, माठाशी उभे राहायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि बाबा वर्तमानपत्राने ठसा झाकेपर्यंत तिरक्या नजरेने बघत राहायचे.

"छोट्या, कोरतोयस की विहीर खणतोयस?"

"नाना, जा ना तुम्ही."

"जातो. अंगठा सांभाळ."

पण खरं सांगायचं तर, कोरता कोरता बाबांना काहीतरी होत होतं. त्यांनी आजोबांकडे इतकं नीट कधी बघितलंच नव्हतं. सकाळी खिडकीच्या कडीला गोल आरसा अडकवून आजोबा दाढी करायचे, तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन उगाच मागे रेंगाळायचे. गालाची घडी कुठे सुरू होते, डोळ्याखालची पिशवी कुठे संपते, ओठ मुडपला की हनुवटी कशी दिसते, सगळं बघायचे. मग फोटो समोर ठेवायचे, काकांच्या चौकटी धरायच्या आणि बाईंच्या आकड्याने केस न केस कोरायचे. भिंगरी फुंकर मारून कपचे उडवायची.

ठसा झाला तेव्हा सगळी इमारत बघायला आली. मोजणीकाकांनी पट्टी लावली, "हद्द बरोबर!" दंतवैद्यबाई म्हणाल्या, "हिरडीसुद्धा जाणवते." आईने तर पदर नीट केला, जसा ती खऱ्या आजोबांसमोर करते. ठसा फोटोशी ताडून बघितला. मिशी फोटोसारखी. भुवई फोटोसारखी. त्यात तिळाएवढाही फरक नव्हता.

आणि तिथेच तर घोळ होता.

*

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी प्रेस मिळाली. बाबा, आई, भिंगरी, मोजणीकाका, दंतवैद्यबाई अशी वरात बंबखान्यावर आली. आजोबाही आले, पण रस्त्याच्या पलीकडे दिव्याच्या खांबापाशी थांबले. कडक इस्त्रीचा सदरा, मिशीला ताजा पीळ.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "चेहरा बाहेर आणून दाखवा. मी असलो तर आत येतो. नसलो तर घरी जातो."

"येईल तो बाहेर," बाबा म्हणाले आणि लाल दरवाज्यातून आत शिरले.

छापाबाईंनी रोलरने काळी शाई ठशावर फिरवली. चिकट चिकट आवाज आला. वर ओलसर कागद, त्यावर जाड लोकरी कापड. बाबांनी चाक धरलं. ते फिरवताना त्यांना पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. ठसा एका बाजूने आत गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर आला. छापाबाईंनी कागदाची दोन टोकं धरली आणि हळूच सोलल्यासारखा उचलला.

"अय्या, आजोबा!" भिंगरी किंचाळली.

खरंच आजोबा होते. डोळे तेच, गालाची घडी तीच, आणि ओठ आता "छोट्या" म्हणेल की काय असा मुडपलेला. आईने टाळ्या वाजवल्या. काकांनी बाबांच्या पाठीत थाप मारली. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तेवढ्यात खालून एक आवाज आला.

"काका, तुम्ही उलटवून नाही काढलं?"

दोन वेण्या. प्रदर्शनासाठी होतकरूंचा सगळा वर्ग हजर होता.

"काय उलटवून?"

"छापल्यावर सगळं उलटं होतं ना! उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. पहिल्या दिवशीच सांगितलंय." आणि सगळ्या वर्गाने ते एका सुरात पुन्हा म्हणून दाखवलं.

मग एक विलक्षण दृश्य दिसलं. जमलेल्या सगळ्या मोठ्या माणसांनी, मिशी असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी, स्वतःच्या ओठावर हात नेला. आधी उजवीकडे. मग डावीकडे. मग कागदाकडे बघितलं. मग पुन्हा ओठ. आकाशाकडे जाणारं टोक भलत्याच बाजूला होतं. भुवईतली फट पलीकडच्या भुवईवर जाऊन बसली होती.

नियमावली मेजामागून उठून आले. "साहेब, तुम्ही शिक्के मारता ना कचेरीत? त्यावरची अक्षरं कधी बघितली नाहीत का?"

बाबांनी बघितली होती. इतकी वर्षं, रोज, सकाळ-संध्याकाळ. शिक्क्यावर उलटी, कागदावर सुलटी. आता त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण इमारत वारसा होती, तिची जमीन दुभंगायलाही परवानगी लागली असती.

"मी दिवसभर आरशात बघूनच काम करते," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "मला एका शब्दाने विचारायचं तरी."

"मला तेव्हाच शंका आली होती," मोजणीकाका म्हणाले. ती कुणालाच दिसली नव्हती. "एक उपाय आहे. समोरच्या भिंतीवर आरसा लावा, आणि लोकांना चित्राकडे पाठ करून उभं करा."

"काका!" आई ओरडली.

"किंवा कागद मागून बघा."

बाबा काहीच ऐकत नव्हते. त्यांना फक्त रस्त्यापलीकडचा तो दिव्याचा खांब दिसत होता. आता आजोबा चष्मा वर करणार, खाली करणार, मान तिरकी करणार. "हा कुणीतरी दुसरा आहे." आणि मग बाबांकडे वळून तो शब्द. आणि मग तो वळसा, बाजाराला जाताना, जन्मभर.

"पुन्हा कोरायला वेळ नाही," बाबा पुटपुटले. "आता हा कुणाला दिसता कामा नये. भिंगरे, चिमटा दे. वर. एकदम वर टाकू."

ते मनोऱ्यात शिरले. कागद चिमट्याला लावला. घाईने, शाईच्या हाताने, डोळ्यांत पाणी असताना त्यांनी हाताला आला तो दोर धरला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढला.

कागद जागचा हलला नाही. वर मात्र काहीतरी हललं.

ठण्ण!

"घंटा वाजवायची नाही!" नियमावली किंचाळले. "वारसा—"

ठण्ण! बाबांनी घाबरून दोर सोडला होता, पण घंटेला आता कुठे सूर सापडला होता. ठण्ण! ठण्ण!

रस्त्यापलीकडे, दिव्याच्या खांबापाशी, आजोबा ताठ झाले.

पुढचं ज्यांनी बघितलं ते अजून सांगतात. आजोबांनी हात वर करून एक टेम्पो थांबवला, एक सायकल थांबवली, गुडघेबिडघे सगळे तिथेच ठेवले आणि ते लाल दरवाज्यातून सरळ आत घुसले. "बाहेर! सगळे बाहेर! पोरं आधी! पळायचं नाही, भराभर चालायचं! ओ मिस्टर, ते मेज आडवं का आलंय? ढकला बाजूला! भिंतीला धरून चाला!"

"भिंतीला टेकायचं ना—"

"टेका!" आजोबा गरजले, आणि नियमावली भिंतीला टेकले.

पोरांनी ओळ केली. कलावंत मंडळी ओल्या हातांनी ओळीत उभी राहिली. दोन वेण्या सगळ्यांत पुढे, हात मागे. आजोबा धूर हुंगत, दारं बघत, एकेक कोपरा तपासत थेट मनोऱ्याशी आले.

"कुठे लागलीय? घंटा कुणी—"

आणि थांबले.

त्यांच्या नाकासमोर, चिमट्याला, ओल्या शाईचा तो कागद लटकत होता. शेजारी बदकांच्या एप्रनात बाबा.

आजोबांनी चष्मा वर केला. खाली केला. मान तिरकी केली नाही. ते एक पाऊल पुढे आले. त्यांचा उजवा हात आपोआप उठला आणि मिशीच्या टोकाशी गेला, रोज सकाळी खिडकीशी जातो तसा. कागदावरचं टोकही बरोबर त्याच बाजूला होतं, त्यांच्या हाताच्या अगदी समोर. त्यांनी पीळ दिला. कागदावरच्या माणसानेही दिला असावा असं वाटलं.

"हा," आजोबा म्हणाले. "हा मी आहे."

मग ते जमलेल्या सगळ्यांकडे वळले.

"बघा. इतके फोटोवाले आले आणि गेले, एकालाही जमलं नाही. सगळ्यांनी मिशी भलतीकडे नेली. भुवई भलतीकडे नेली. मी ओरडून सांगत होतो, तुम्हाला वाटायचं म्हातारा हट्टी आहे. आता बघा, जिथल्या तिथे!"

बाबांच्या डोळ्यांपुढे खिडकीची कडी आली, तिला अडकवलेला गोल आरसा आला, आणि सगळं एकदम उलगडलं. आजोबांनी स्वतःला जन्मभर तिथेच तर बघितलं होतं. भिंगरीलाही ते त्याच क्षणी कळलं. तिचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, आणि आईने तिला असा चिमटा काढला की ते मिटलं.

पण दोन वेण्यांना कोण चिमटा काढणार? "आजोबा, पण हे तर उल—"

"आ कर बघू," दंतवैद्यबाई पटकन वाकून म्हणाल्या. "नवा दात येतोय वाटतं. मोठा आ. अस्सा. तस्साच ठेव."

"कुणी केलंय हे?" आजोबांनी विचारलं.

छापाबाईंनी बाबांकडे बोट दाखवलं.

आजोबा वळले. बाबांच्या टकलाकडे, अंगठ्यावरच्या जुन्या खुणेकडे, बदकांकडे त्यांनी सावकाश बघितलं.

"तू?" ते म्हणाले.

तोच शब्द. पण आजवर तो असा कधी आला नव्हता. बाबा मागच्या चिमुकल्या स्टुलावर मटकन बसले.

"हो, नाना."

"आणि घंटा?"

"तीही मीच."

"हं." आजोबांनी मनोऱ्यात वर बघितलं. "दोर असा ओढतात होय? आगीला पोचायला संध्याकाळ झाली असती. ऊठ. दाखवतो."

"घंटा वाजवायला मनाई..." नियमावली भिंतीला टेकूनच म्हणाले, पण त्या आवाजात काही दम नव्हता.

*

प्रदर्शन फार छान झालं. येणारी जुनी माणसं आजोबांच्या चेहऱ्यासमोर थबकायची, "मिशी जरा या बाजूला नको होती का?" असं म्हणायची, आणि आजोबा त्यांना प्रेमाने सांगायचे, "अहो, तुम्ही उभे चुकीचे आहात." मग बाजार करून ते पिशवीसकट सरळ रस्त्याने घरी आले. वळसा न घालता.

एक प्रत घरीही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी ती खिडकीशी, गोल आरशाच्या शेजारीच टाचली, तोंडाला साबण लावला आणि हाक मारली, "छोट्या, इकडे ये. फरक दाखव बघू."

बाबा चहाचा कप घेऊन मागे जाऊन उभे राहिले. आरशात आजोबा, कागदावर आजोबा. मिशीला मिशी, भुवईला भुवई.

"काहीच फरक नाही, नाना."

"तेच म्हणतो मी." आजोबांनी समाधानाने वस्तरा उचलला. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि पुन्हा आरशात बघितलं. आजोबांच्या खांद्यावरून तिथे एक टकला माणूस डोकावत होता. चहा पीत होता, हसू दाबत होता, आणि खरं सांगायचं तर जरा लबाड वाटत होता.